रिना सिस्टरला ‘नाई’ कोण म्हणणार?

चाळिशी ओलांडल्यावर रिनाला पीएचडीचं खूळ लागलं, तेव्हा तिचा नवरा राजदीप एवढंच म्हणाला, "डॉक्टर होशीन त हो, पण मले सुई टोचू नको."

सावली गावची ही पोर नर्सिंग शिकून जिल्ह्याच्या दवाखान्यात लागली आणि कमी वजनाच्या बाळांच्या काचपेट्यांपाशीच तिचं अर्धं आयुष्य गेलं. मुठीएवढी लेकरं तिनं जगवली आणि त्यांच्या आयांना मनसोक्त झापलं. तिचा आवाज आला की व्हरांड्यातल्या आज्या तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकून देत. रिनाला वाटे, केवढा हा मान!

संशोधनाचा विषय तिनं मोठ्या ऐटीत निवडला: घरी गेल्यावर आया बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देतात का? पांढरा गणवेश चढवून, मास्क लावून ती गावोगाव हिंडली.

"रोज धरतेस?"

"हो बाई."

"वरचं दूध टाळतेस?"

"टाळतो बाई."

नागपूरच्या मार्गदर्शक मॅडमनी आकडे पाहून चष्मा काढला. "शंभर टक्के? रिनाताई, हे संशोधन नाही, हा तुमचा दरारा आहे. खरी उत्तरं आणा, नाहीतर विषय सोडा."

मग रिना साध्या साडीत, मास्कशिवाय मंगलीच्या गावी गेली. मंगलीचं बाळ दवाखान्यात बरेच दिवस होतं आणि सगळ्यात जास्त बोलणी तिनंच खाल्ली होती. पण आज तिनं ओळखलंच नाही. ओळखणार कशी? वॉर्डात सिस्टरचे फक्त डोळे दिसायचे, तेही वटारलेले. रिनानं हळूच विचारलं, बाळाला छातीशी धरतेस का.

"छातीशी धरून बसलो त मोहाचे फुलं कोन वेचन?" झाडाला बांधलेल्या झोळीला झोका देत मंगली मोकळी झाली. "दवाखान्यात एक सिस्टर होती. पोरगं वाचवलं तिनं, पण लय खेकसे. अजून सपनात येते."

"कशी होती दिसाले?"

"नुसते डोये दिसत. म्हातारीच असन."

रिनानं वही काढली, पण उघडली नाही. नाव न सांगता हे लिहून घेणं म्हणजे चोरी, आणि नाव सांगितलं की हे तोंड मिटणार, विषय बुडणार. तिनं घसा खाकरला.

"मंगली, ते म्हातारी मीच व्हय."

मंगली ताडकन उठली, पदर डोक्यावर घेतला. "नाई बाई, मी त रोज धरतो! रोज!"

झालं. गेली पीएचडी वैनगंगेत. रिना तिथंच मातीत बसली. "अवं, बस. आज परीक्षा माही हाये, तुही नाई. खरं नाई भेटलं त नागपूरच्या मॅडम मले नापास करतीन."

मंगली खाली बसली. मग पदर तोंडाला लावून खदाखदा हसली. "म्हंजे तुमच्यावरबी खेकसणारी कोनी हाये?"

"हाये ना."

"मंग लिवा."

"बाळाले रोज छातीशी धरते?"

"नाई."

इतक्या वर्षांत कुण्या आईनं तिला हा शब्द ऐकवला नव्हता. रिनाचे डोळे आपोआप मोठे झाले. "काऊन नाई?"

"पाहा! खेकसल्या!"

रिनानं जीभ चावली, डोळे जागेवर आणले आणि आवाज जमेल तितका मऊ करून पुन्हा विचारलं, "काऊन वं?"

मंगली सांगू लागली.