पोटात फळी असलेली होडी

माझ्या धाकट्या दिरानं वल्ह्याचा पहिला फटका मालकाच्या खांद्यावर हाणला. दुसरा मी मधे पडले म्हणून माझ्या पाठीत बसला. मालक म्हणजे माझा नवरा. आमच्याकडं तसंच म्हणतात, या वयात मी काही ती सवय मोडत नाही.

भांडण जमिनीचं होतं, दुसरं कशाचं असणार. पैनगंगेवर धरण झालं, पाणी चढलं, आमची काठची शेती बुडाली आणि वर राहिलं एक टेकाड, चारी अंगांनी पाणी. टेकाडावर हळद मात्र अशी यायची की बघत राहावं. पण पार जायचं कसं? होडी एकट्या दिराची. तो म्हणायचा, माझ्या होडीत बसायचं तर माझ्या हुकमानं बसायचं. त्या दिवशी मालक बसले नाहीत, म्हणून वल्हं चाललं.

त्यातून मालकाचा उजवा हात आदल्या साली मळणी यंत्रात गेला होता, कोपरापासून. लुगडं फाडून मी त्यांचा दंड आवळून धरला होता, हिंगोली येईपर्यंत जीपमधे सोडला नाही. ती पकड माझ्या बोटांत अजून आहे. नव्वद सालानंतरची ही गोष्ट, यंत्रं गावात नुकतीच आलेली.

आम्ही मार खाल्ल्यावर गावातली चार मोठी माणसं पारावर बसली. दीर सगळ्यांसमोर म्हणाला, "दादा थोटा, वैनी बाईमाणूस. जमीन पडून राहून काय उपयोग? या वैशाखात हळदीचं बेणं दोघांनी आपल्या हातानं पार न्यावं. न्हेलं तर जमीन त्यांची. न्हाई तर मला लिहून द्यावी."

मालक ताडकन उठले. "न्हेतो. न्हाई न्हेलं तर घे लिहून."

घरी आल्यावर मी विचारलं, "काहून कबूल केलं?"

"तोंडातून गेलं," म्हणाले.

आता गेलं ते गेलं. होडी बघायला निघालो. दोन माणसं आणि तीन हात, एवढ्यात चालेल अशी होडी पाहिजे होती.

आधी धरणावरच्या भोयांकडं गेलो. त्यांची एक होडी सपाट बुडाची. गुडघाभर पाण्यातसुद्धा चाले, पण शीड लावलं की वाऱ्यानं आडवी सरकत जाई. नाक टेकाडाकडं आणि आपण चाललो भलतीकडं. दुसरी दिराच्या होडीसारखी, बुडाखाली जाड फळी कायमची ठोकलेली. ती वाऱ्यात सरळ जाई, बराबर. पण वैशाखात धरण उतरतं आणि बुडालेल्या बाभळींची खुंटं पाण्याखाली हातभरावर येतात. ती फळी खुंटाला लागली की संपलं. शिवाय तिचं शीड उतरवायला एकानं पुढच्या टोकावर जाऊन उभं राहायचं. मालक तिथं गेले तर धरणार कशानं?

मग कुणीतरी वारंगा फाट्याजवळच्या एका म्हाताऱ्या सुताराचं सांगितलं. अर्धा जन्म कोकणात होड्या बांधून आलेला माणूस. त्यानं अंगणात एक होडी करून ठेवली होती. तिच्या पोटात मधोमध लांब चीर, चिरेभोवती पाणी आत येऊ नये म्हणून लाकडाची उंच पेटी, आणि पेटीत खालीवर होणारी फळी. खोल पाण्यात फळी सोडायची म्हणजे होडी आडवी सरकत नाही. उथळ आलं की दोरी ओढून वर घ्यायची. शिडाची, फळीची, सगळ्या दोऱ्या मागं बसल्या जागी आणलेल्या. वारं पडलं तर दोघं आडवे होतील एवढी जागा, वर ताडपत्री.

मालकांनी बैल घ्यायला गेल्यासारखी तिच्या अंगावर थाप मारली, सांध्यांत नख घालून पाहिलं. मी म्हटलं, असं नाही चालायचं. तळ्यावर न्या. आधी हे एकटे चालवतील, मी मांडीवर हात ठेवून बसेन. मग मी चालवेन, हे बसतील. एकाला भोवळ आली तर दुसऱ्याला परत आणता आलं पाहिजे.

सुतार म्हणाला, "बाई, एवढं तपासून तर कुणी जावई करत न्हाई."

"जावई बुडत न्हाई," मी म्हटलं.

मालकांनी सुकाणूचा दांडा थोट्या दंडाखाली दाबला, डाव्या हातात शिडाची दोरी धरली आणि होडी नेऊन आणली. मीही आणली, वाकडीतिकडी. दागिने गेले, होडी आली. आम्ही निघताना सुतार सांगत होता, ओझं फळीच्या मागं ठेवा. मालक म्हणाले, "बाबा, ओझं लादायचं आमाला शिकवू नका. गाड्या भरण्यात जन्म गेला."

दिरानं गावभर सांगितलं, "होडीच्या पोटाला भोक पाडून घेतलं दादानं, पाणी प्यायला."

वैशाखात बेण्याची पोती भरली. आणि आम्ही काय केलं? बैलगाडी भरतात तशी होडी भरली. गाडी उलार होऊ नये, मागं कलंडू नये, जू बैलांच्या मानेवर बसावं म्हणून ओझं पुढं घेतात ना, तशी सगळी जड पोती नाकाकडं. इथं पुढं बैल नव्हते.

अर्ध्या वाटेवर पश्चिमेला धूळ उठली. वावधान आलं ते पाठीमागून, एकदम. शीड फाटेल असं ताणलं, नाक पाण्यात घुसलं आणि पाणी पोत्यांवरून आत. त्यात बाजूला दिराची होडी. आम्ही कसे बुडतो ते बघायला आला होता. बुडत नाही म्हटल्यावर वेळूच्या काठीनं आमच्या शिडाच्या दोरीवर घाव घालायला लागला. एक घाव माझ्या मनगटावर आला. हाड वाजलं, ते मी ऐकलं.

"ओझं मागं घे," मालक ओरडले. "दोन्ही हातांनी."

"एकच उरला," मी म्हटलं.

मग छातीनं, ढोपरानं पोती मागं लोटली. दोन लोटता येईनात, ती ढकलली पाण्यात. नाक वर आलं. तेवढ्यात पुढं खुंटाचं काळं टोक दिसलं. मी फळीची दोरी दातांत धरली, चांगल्या हातानं हिसका दिला, आणि फळी खडखडत वर आली. होडी खुंटांवरून घासत निघून गेली.

दिराची गेली नाही. त्याची ठोकलेली फळी खुंटाला बसली, डोलकाठी कडाडून त्याच्या कपाळावर आली आणि होडी उलटली. तो एका खुंटाला मिठी मारून, तोंडात पाणी, "दादा, दादा" करत होता.

मालकांनी शीड पाडलं. पोती आवळायला आणलेला गाडीचा नाडा मी खुंटाला अडकवून होडी धरली. मालक खूप वेळ नुसते बघत राहिले. मला वाटलं, सोडतात आता. मग नाड्याचं दुसरं टोक फेकलं. तीन हात होते, आता दोनच चालत होते, त्यांनी त्याला आत ओढला. आत आल्याबरोबर मालकांनी त्याच्या थोबाडीत अशी दिली की त्याचा दात माझ्या पायाशी पडला. आणि मग त्याच हातानं आपलं उपरणं त्याच्या फुटलेल्या कपाळाला दाबून धरलं.

वारं मंदावल्यावर आम्ही शीड अर्धं चढवलं, खोल पाणी आलं तशी फळी सोडली. दीर पोत्यांत पडून होता. टेकाड जवळ आलं तेव्हा हळूच बोलला, "वैनी, फळी वर घ्या. इथं बी खुंटं हायेत."

घेतली.

काठाला लागल्यावर तो डगमगत उठला आणि एका पोत्याला हात घालायला लागला.

"भाऊजी," मी म्हटलं, "ते ठेवा. आपल्या हातानं न्यायचं ठरलंय पारावर."

तो खाली बसला, कपाळ धरून. आम्ही एकेक पोतं दोघांत धरून वर चढवलं. माझं मनगट सुजून भोपळा झालं होतं. तो शेवटच्या पोत्यापर्यंत तिथंच बसून बघत होता, आणि मी मुद्दाम सावकाश चढत होते.