अध्यक्षाच्या रकान्यात आख्खं गाव

मोबाईल नाही, गाडी नाही, तरी जुन्या काळच्या पक्षांनी देशभर गावोगावी शाखा उघडल्या कशा? हे कोडं मला फार छळायचं. गावातून एक माणूस तालुक्याला, तालुक्यातून एक जिल्ह्याला, अशी साखळी थेट दिल्लीपर्यंत! त्यातल्या पहिल्या माणसानं अनोळखी दारात उभं राहून नेमकं काय म्हटलं असेल? कुरखेड्यातल्या माझ्या टायरच्या दुकानात जो येईल त्याला मी हे विचारायचो. लोक म्हणायचे, "भाऊ, आधी पंक्चर काढा."

मग एका नव्या पक्षानं मलाच शाखा उघडायला लावल्या. सगळ्या गावांतून शाखाध्यक्षाचं नाव भरलेले फॉर्म आले की तालुकाध्यक्षपद माझं. मी तर गुडघ्याला बाशिंग बांधूनच बसलो होतो! जंगलातलं एक गाव तेवढं राहिलं.

तिथं माणसं गोल करून बसली. एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "अध्यक्ष काय करते, भाऊ?"

"गावचं म्हणणं वर सांगते."

"मंग एकटाच काऊन? गावचं म्हणणं त गावानंच सांगा लागते."

सगळ्यांचं एकमत होईस्तोवर तिथं कोणी उठत नाही. उन्हं कलली तेव्हा कुठं फॉर्म हाती आला. पाहतो तर अध्यक्षाच्या रकान्यात आख्खं गाव! जागा पुरली नाही म्हणून मागच्या बाजूलाही नावं. माझं डोकंच फिरलं. "अहो, अध्यक्ष एकच असते!"

"तुमच्याकडं असन," बाई म्हणाल्या.

घरी येऊन मी नवा फॉर्म भरला. अध्यक्ष म्हणून त्या बाईंचं नाव टाकलं, अंगठा माझाच उमटवला. पद मिळालं, हार-फटाके झाले. जुन्या पक्षांच्या त्या पहिल्या लोकांनीही कुठं कुठं असंच केलं असेल काय, हे मनात येऊन गेलं.

ते गाव आपला तेंदूपत्ता, म्हणजे विड्या वळायची पानं, स्वतःच विकायचं. उन्हाळ्यात आमच्या पक्षाच्या जिल्ह्यातल्या पुढाऱ्यांनी पत्रक काढलं, की गावांनी तो ठेकेदाराला द्यावा. खाली पाठिंबा देणाऱ्या शाखाध्यक्षांची नावं. विचारलं कोणालाच नव्हतं, नुसतं उंटावरून शेळ्या हाकणं! यादीत बाईंचं नाव होतं.

मी तडक मोटारसायकल काढली, पण पत्रक माझ्याआधीच गावात पोचलं होतं. गाव गोल बसलं होतं आणि बाई बाहेर, एकट्या. गावाला न विचारता त्यांनी गावाचा शब्द दिला, असं सगळ्यांना वाटत होतं. कोणी त्यांच्याशी बोलत नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

एकानं सरकून बाईंसाठी जागा केली. त्या लगेच बसल्या नाहीत.

"माह्या नावानं अंगठा मारला, तवा तुमचा हात जरासाही थांबला नाई काय, भाऊ?"

थांबला नव्हता. तेही मी सगळ्यांसमोर कबूल केलं.