ससे आजारी नव्हते

‘प्रयोगात थोडंफार मागेपुढे होतंच’ असं कुणी म्हणालं की आजही माझं डोकं फिरतं.

ऐंशीच्या दशकात मी मरोळच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. एम.एस्सी. करून नुकतीच लागलेली. आम्ही पॉलिमरचे, म्हणजे प्लास्टिकच्याच जातकुळीतले, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे कण बनवत होतो. त्यांत औषध भरून ते शिरेतून शरीरात सोडायचं. शरीराला ते सोसतात का, हे तपासणं माझं काम. कण बनवताना साबणासारखं एक रसायन लागायचं आणि ते निघून जायला कण चार दिवस धुवावे लागायचे.

प्रयोगशाळेच्या प्रमुख साहेबांनी ते धुणं एका दिवसात उरकलं. मुख्य कचेरीतून पाहुणे येणार होते ना!

मी माझ्याच रक्तातल्या लाल पेशी त्या कणांत मिसळल्या. पेशी शाबूत असल्या की तळाला बसतात, वरचं पाणी नितळ राहतं. माझी नळी वरपर्यंत लालभडक झाली. कणांवर उरलेल्या रसायनानं पेशी फुटल्या होत्या.

“सर, हे सशांना टोचू नका.”

“रक्त शिळं असेल तुझं.”

“आज सकाळी काढलंय, सर!”

दुसऱ्या दिवशी टोचलंच. सशांची देखभाल करणारे मालवणकडचे काका, गिरणी बंद पडल्यावर इथे लागलेले, तासाभरात धावत आले. “ताई, सशान मान टाकल्यान!” दुपारपर्यंत तिन्ही ससे गेले.

अहवालात साहेबांनी लिहिलं: ससे मुळात आजारी होते, निगा नीट राखली गेली नाही. रोज स्वतः निवडून पाला घालणाऱ्या काकांवर ढकलून मोकळे! त्यांना एका शब्दानं विचारलंसुद्धा नाही. त्यांची बदली पॅकिंगमध्ये झाली.

मी त्याच कणांची नवी नळी तयार केली आणि तीही लालभडक झाल्यावर पाहुण्यांसमोर टेबलावर ठेवली. “सर, हिची निगा कुणी राखली नव्हती?”

“बाई, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय,” साहेब म्हणाले. पण पाहुण्यांनी नळी उचलून पाहिली आणि कण पुन्हा धुवायला सांगितले. चार दिवस धुतल्यावर पाणी नितळ राहिलं. नवे ससेही जगले. साहेबांचं कौतुक झालं.

अहवालातली ती ओळ मात्र कुणी खोडली नाही. मी काकांसाठी दोनदा अर्ज दिला, दोन्ही वेळा उत्तर नाही. काका म्हणाले, “जावंदे गो ताई.” मी चिडून राजीनामा दिला. ते निवृत्त होईपर्यंत खोकी बांधत राहिले.