शुक्रवारची खुर्ची

बस डेपोतल्या चौकशीच्या खिडकीत ती एकोणीस वर्षं बसत होती. नाव कुणी विचारत नसे. सगळे तिला चौकशीबाई म्हणत. कुठली गाडी किती वाजता, कुठल्या फलाटावरून, वाटेत कुठे थांबते, सगळं तोंडपाठ. दर शुक्रवारी दुपारनंतर खिडकीशी पाठीवर एकेक सॅक अडकवलेली जोडपी यायची आणि विचारायची, "ते वाइनवालं गाव आहे ना, तिकडे कुठली जाते?" बाई सांगायची. स्वतः मात्र त्या गाडीत कधी चढली नव्हती. लोकांना वाट दाखवणाऱ्यांचं हे असंच असतं, आणि त्यात मोठेपणा काही नाही, नुसता पगार असतो.

तिचा नवरा फिटर. हाताला कामाची सवय, तोंडाला थट्टेची. तीन वर्षांपूर्वी त्याच्या किडन्यांनी हात टेकले आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार असं डायलिसिस मागे लागलं. चार चार तास मशीनला जोडून खुर्चीत पडायचं. पाणी दिवसाला एक लिटर, तेही मोजून. बाटलीवर बाईने चिकटपट्टीच्या रेघा मारल्या होत्या. घरात बोलणं उरलं होतं ते वजनाचं आणि सुजेचं. एका सकाळी ती त्याच्या नडगीवर अंगठा दाबून खळगा किती वेळ राहतो ते बघत होती. तो म्हणाला, "अगं, हल्ली तू माझ्याकडे बघतच नाहीस. माझ्या पायांकडेच बघतेस."

तिला ते लागलं. रागही आला, कारण खरं होतं. नवरा-बायको म्हणून दोन दिवस घालवायचे, नर्स आणि पेशंट म्हणून नाही, एवढंच तिला हवं होतं. नंतर घालवू म्हणण्याइतकं पुढचं काही दिसत नव्हतं. संध्याकाळी तिने विषय काढला.

"वाइनच्या गावाला? मला?" तो हसत सुटला. "पाण्याचा घोट मोजून देतेस आणि तिथे नेतेस?"

"प्यायला नाही हो, बघायला. मळे आहेत, टेकड्या आहेत. बसायचं निवांत."

"वास घेतला तर चालेल का, डॉक्टरांना विचारून ठेव."

तिने खरंच विचारलं. डॉक्टर म्हणाले, जा, पण मीठ आणि पाणी सांभाळा.

घोडं अडलं ते वारावर. सोमवारी त्या गावात सगळं बंद, आणि शनिवारी नवरा खुर्चीत. डायलिसिस केंद्रात मात्र एक रीत होती, कुठे न लिहिलेली. कुणाच्या घरी कार्य असलं, कुणाला मुलाला भेटायला जायचं असलं, की पेशंट आपसांत वार बदलून घेत. दोघांनी मिळून टेक्निशियनला सांगायचं, त्याने फळ्यावरची नावं इकडची तिकडे करायची. अट एकच, ती त्यांनी त्यांचीच घालून घेतलेली: दिलेला वार परत मागायचा नाही. मागितला, तर समोरच्याचं सगळं ठरलेलं कोलमडतं.

बाईने शुक्रवारवाल्या टेलरमास्तरांना गळ घातली. मास्तर साठीचे, किडकिडीत, गळ्यात अजून टेप घालून येणारे. त्यांचे वार सोमवार, बुधवार, शुक्रवार.

"वहिनी, बिनधास्त जा," मास्तर म्हणाले. "मला शुक्रवार काय नि शनिवार काय! खुर्ची तीच नि सुई तीच."

मग बाईच्या अंगात उत्साह संचारला. तीन गेस्ट हाउसना फोन करून झाले. खोली तळमजल्यावरची, संडास खोलीतच, जेवण बिनमिठाचं, वरून मीठ कुणी आग्रहाने वाढणार नाही. गाडी शनिवारी सकाळी सहाची, सीट चाकावरची नको. जवळचं हॉस्पिटल किती अंतरावर, तेही लिहून घेतलं. नवरा म्हणाला, "एवढी तयारी तू लग्नातही केली नव्हतीस." ती बऱ्याच महिन्यांनी मोकळी हसली.

शुक्रवारी दुपारी दोनला नवरा मास्तरांच्या खुर्चीत बसला. मशीन सुरू झालं, पाच-दहा मिनिटांत त्याचा डोळा लागला. आठही खुर्च्या भरलेल्या. बाई बाहेरच्या बाकावर येऊन बसली, आणि तिला समोरच्या जिन्यावरून मास्तर येताना दिसले. एकटेच. दोन पायऱ्या चढून थांबत होते.

"मास्तर, तुम्ही? आज?"

"असंच... इकडून चाललो होतो." ते बाकावर टेकले. एका वाक्यात दोनदा श्वास घ्यावा लागत होता. चेहरा फुगलेला. चपलेचा पट्टा पायात रुतला होता, आणि त्यांनी पाय हलवला तेव्हा कातडीवर पट्ट्याची खाच तशीच राहिली. ती खाच बाईने पाहिली. असल्या खुणा वाचण्यात तिची तीन वर्षं गेली होती. बुधवारपासून अंगात साठलेलं पाणी छातीपर्यंत चढलं होतं, उद्यापर्यंत थांबण्यासारखं नव्हतं. मास्तर इकडून चालले नव्हते, खुर्ची मिळते का बघायला आले होते, आणि रीत पाळून मागत नव्हते.

आत जाऊन टेक्निशियनला चार शब्द सांगायचे होते, बस. त्याने नवऱ्याला अर्ध्यातून उठवलं असतं, मास्तरांना बसवलं असतं. नवऱ्याचं राहिलेलं उद्या. म्हणजे गाव गेलं. पुन्हा वार कोण देणार, पुन्हा तो एवढा बरा कधी असणार?

"उद्या सकाळी सातला आहे ना तुमचं?" तिने विचारलं.

"हो, हो. सातला." मास्तर काचेतून झोपलेल्या फिटरकडे बघून हसले. "मजा करा, वहिनी." आणि कठडा धरून खाली उतरले. बाई मूग गिळून बसून राहिली. आपण काय करतोय ते तिला पुरतं कळत होतं. लोक म्हणतात ना, त्या वेळी सुचलंच नाही? तिला सुचलं होतं.

शनिवारी अकराच्या सुमाराला ती दोघं गेस्ट हाउसच्या ओट्यावर बसली होती. समोर द्राक्षांच्या रांगा टेकडीवर चढत गेलेल्या. मालकिणीने एक ग्लास आणून ठेवला होता, नवऱ्याने तो नाकाशी धरून डोळे मिटले आणि म्हणाला, "चढली." मग डोळे उघडून तिच्याकडे बघत राहिला. नुसतं बघत. तेवढ्यात तिचा फोन वाजला. टेक्निशियन होता. "काकू, काकांना तिकडे जपा हं. टेलरमास्तर गेले आज पहाटे. केंद्रात पोचलेच नाहीत."

"कुणाचा गं?" नवऱ्याने विचारलं.

"डेपोतून. रजेचं काहीतरी."

"जाताना मास्तरांना एक द्राक्षांची पेटी घेऊ. त्यांना खायला नाही चालायची, पण घरी होईल."

"घेऊ," ती म्हणाली.

परतीच्या गाडीत तिने सांगितलं. तो खिडकीकडे तोंड फिरवून म्हणाला, "माझ्यामुळे." ती म्हणाली, "नाही हो, त्यांचं हृदयच नाजूक होतं."

सोमवारी ती मास्तरांच्या घरी गेली. एक खोली, कोपऱ्यात शिलाई मशीन, त्यावर अर्धवट शिवलेला शर्ट. मास्तरांच्या बायकोने तिचा हात धरला तो सोडेचना.

"शुक्रवारी मी कामावर होते हो. रात्री आले तर म्हणाले, बरा आहे, झोप. पायाला हातही लावू दिला नाही. दुपारी केंद्राकडे जाऊन आलो म्हणाले. तुम्ही होतात ना तिथे? तुम्हाला काही वाटलं का हो? त्रास होत होता त्यांना?"

"नाही," ती म्हणाली. "चांगले हसून बोलले माझ्याशी."

मास्तरांच्या बायकोने डोळ्यांना पदर लावला, आणि तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं. "तुमची तर यात तीन वर्षं गेली. तुम्हालाच कळलं नाही, मग मला कुठून कळणार होतं?" ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, आणि चौकशीबाई मान हलवून हो म्हणत राहिली.