ड्रायरचं कापड

हमरापूरची सरू गणपतीच्या डोळ्यांची आखणी करायची. मूर्तीच्या बाकीच्या रंगकामाला पाच-सात जण लागतात, आखणीला एकच हात. आधी पांढरं, मग बुबुळ, मग पापणीची काळी रेघ. ती रेघ एका श्वासात ओढावी लागते. मध्ये थांबलं की गाठ येते, आणि गाठ आली की सगळं पुसून परत पांढऱ्यापासून सुरुवात. लग्न होऊन आली तेव्हा सरूला यातलं काही येत नव्हतं. फुटलेल्या मूर्ती मागून घ्यायची आणि त्यांच्यावर रेघा ओढत बसायची. हात बसेपर्यंत चांगल्या मूर्तीला तिने ब्रश लावला नाही. नंतर इंदुबाईच्या कारखान्यातल्या मोठ्या मूर्ती तिच्यासाठी राखून ठेवलेल्या असत.

तिचा नवरा कमळाकर माझ्याबरोबर धाटावला औषधाच्या कंपनीत होता. पेनहून एसटीने रोह्याला यायचा. आम्ही ड्रायरवर. उदासीच्या आजारावर ज्या गोळ्या देतात, त्यांतला मूळ माल आमच्याकडे सुकायचा. ड्रमवर नाव होतं अ‍ॅमिट्रिप्टिलीन हायड्रोक्लोराइड. एवढं बोलायला शिफ्टमध्ये वेळ कुणाला? सगळे ‘आमी’ म्हणायचे. सुपरवायझरने फोनवर विचारलं, ड्रायरवर कोण आहे, तर उत्तर आमी. माल कुठला चाललाय, तरी उत्तर आमी. हा विनोद रोज व्हायचा आणि रोज कुणीतरी हसायचं.

पावडर पांढरी, पिठासारखी. ट्रे बाहेर ओढायचा, फावडं टेकवायचं आणि हळू उचलायचं. आपटायचं नाही. आपटलं की धूळ उठते आणि मास्कच्या कडेने आत शिरते. जीभ बधिर होते, तोंडाला कोरड पडते, छाती धडधडते. जमीन कोरड्या झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. ड्रमला अर्थिंगची तार लावल्याशिवाय माल ओतायचा नाही, कारण ही धूळ ठिणगीने पेट घेते. सुट्टी झाली की आंघोळ, आणि कामाचे कपडे कंपनीतच ठेवायचे. सगळं भिंतीवर लिहिलेलं होतं. पण अ‍ॅसिडला माणूस जसा घाबरतो तसं या पावडरीला कुणी घाबरत नसे. ती माणसाला बरं करणारी होती ना.

ट्रेमध्ये मालाखाली एक कापड अंथरलेलं असे. घट्ट विणीचं, एकही तंतू न सोडणारं, कारण मालात तंतू गेला की अख्खा लॉट परत. कापड जुनं झालं की पिवळ्या पिशवीत, आणि पिशवी जाळायला. सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात कमळाकरने त्या पिशवीतलं एक कापड काढून शर्टाखाली घातलं. सरूची रोजची तक्रार असायची की जुन्या साडीच्या फडक्याने ब्रश पुसला की लव ओल्या रेघेला चिकटते. गेटबाहेर आल्यावर त्याने कापड झटकलं, घडी केली आणि घरी नेलं. नवऱ्याने कंपनीतून आणलेली सगळ्यांत कामाची वस्तू, असं सरू शेजारणींना सांगायची.

तिने ते धुतलं नाही. धुतलं की विणीवर लव उठते, म्हणाली. ते दिवसभर तिच्या खांद्यावर असे. ब्रश पुसायला तेच, मूर्तीवरची भुकटी टिपायला तेच, आणि घाम आला की कपाळ नि डोळे पुसायलाही तेच.

थोड्याच दिवसांत तिला एका जागी बसवेना. पाणी प्यायला उठे, परत बसे, परत उठे. तोंड ओलं होत नसे. छातीत धडधड. दारात उभी राहिली तर उजेड सोसायचा नाही, आत आली तर जीव घाबरा व्हायचा. लांबच्या रुळांवरून जाणाऱ्या मालगाडीचे डबे तिला स्वच्छ दिसत, हातातल्या ब्रशचं टोक दिसत नसे. रेघेला गाठी येऊ लागल्या. ती पुसायची आणि परत ओढायची, परत गाठ. पुसायला कापड तेच.

इंदुबाईने एक दिवस तिची मूर्ती फिरवून उजेडात धरली.

“सरू गो, हा देव बघतोय कुठं? एक डोळा पेनला, एक रोह्याला.”

बाकीच्या बाया हसल्या. सरू हसली नाही. दुसऱ्या दिवशी मोठ्या मूर्ती तिच्या पुढ्यातून उचललेल्या होत्या. तिला मुकुटाला सोनेरी रंग द्यायला बसवलं. ते काम नवी आलेली पोरंही करतात. घरी येऊन ती कमळाकरला म्हणाली की आखणी गेली तर मी त्या कारखान्यात पाय ठेवणार नाय.

सासू सीताबाई म्हणाली, दृष्ट लागली. तिने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. धुराने सरूच्या डोळ्यांतून पाणी आलं, तिने खांद्यावरच्या कापडाने ते खसाखसा पुसलं. सकाळी तिला ताटातली भाकरीही नीट दिसेना.

मग चाळिशी लागली असं ठरलं. वय तिशीचं, पण दुसरं कारण कुणाला सुचत नव्हतं. कमळाकर तिला पेनच्या बाजारात मुराद चष्मेवाल्याकडे घेऊन गेला. मुरादने भिंगं बदलून पाहिली, मग भिंगं बाजूला ठेवून तिचा चेहराच बघत बसला. सरूला एवढं बघणं आवडलं नाही. त्याने कमळाकरला जवळ बोलावलं आणि उजव्या बुबुळातला काळा ठिपका दाखवला. डाव्यापेक्षा तो कितीतरी मोठा होता, आणि उजेड मारला तरी आकसत नव्हता.

“चष्मा विकून मी पैसे घेईन, पण यांना दिसणार नाय,” मुराद म्हणाला. “डोळ्यात काय तरी जातंय. आजच डॉक्टरकडे न्या, भाई.”

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनीही पहिल्यांदा तेच विचारलं. डोळ्यात काय जातं? सरूने रंगांची नावं सांगितली, भुकटी सांगितली, मिरचीचा धूर सांगितला. बाई मान हलवत राहिल्या. घाम कशाने पुसता, असं विचारल्यावर सरूने खांद्यावरचं कापड पुढे केलं.

कमळाकरने ते बघितलं आणि खाली बघायला लागला. कंपनीची वस्तू बाहेर आणली हे कळलं तर नोकरी जाते. आदल्या वर्षी एकाची रिकाम्या ड्रमवरून गेली होती. तो चपलेचा अंगठा आत-बाहेर करत बसला. त्याची चुळबुळ सरूच्या ध्यानात आली.

“या कापडाला काय लागलंय, तुम्हाला माहीत आहे?” बाईंनी त्याला विचारलं.

“आमी,” कमळाकर म्हणाला.

“तुम्ही नाही हो. कापडाला काय लागलंय?”

“आमीच.”

बाई वैतागल्या. सरू त्याच्याकडे वळली.

“डोळे माझे हायत. नीट बोला.”

मग त्याने ड्रमवरचं अख्खं नाव एकेक तुकडा करत सांगितलं. कापड कुठून आणलं तेही सांगितलं. बाईंनी त्याला ओरडण्यात वेळ घालवला नाही. आधी सरूचे डोळे पाण्याने खूप वेळ धुतले, छाती तपासली, आणि तिला सांगितलं की ते कापड आता हातात धरायचं नाही. पावडर बंद झाली की बुबुळातला ठिपका आपोआप आकसेल, घाई करू नका. मग कमळाकरला विचारलं, आणखी कुणाच्या घरी असं कापड आहे का? हेच लहान पोराने तोंडात चोखलं तर त्याचं हृदय बंद पडू शकतं.

कमळाकर तिथूनच निघाला. सरूला घरी सोडायलाही थांबला नाही. आमच्याच ड्रायरवरच्या, खांब गावच्या पोपटाने त्याच्याच सांगण्यावरून एक कापड नेलं होतं आणि नातवाच्या पाळण्यात अंथरलं होतं. पोर ठीक होतं. कमळाकरने दोन्ही कापडं दुहेरी पिशवीत बांधून कंपनीच्या गेटवर नेलं आणि आत जाऊन सगळं सांगितलं. त्याला काही दिवस बिनपगारी घरी बसवून ठेवलं, मग ड्रायरवरून काढून यार्डात टाकलं. यार्डात उन्हात ड्रम ढकलायचे. त्याने त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. त्यानंतर जुनी कापडं आमच्यासमोर कापून पिशवीत भरू लागले.

सरूला मात्र घाई होती. बाई काहीही म्हणोत, ती रोज सकाळी डावा डोळा झाकून हाताच्या रेषा बघायची. पुसट. दुपारी परत बघायची. रात्री कमळाकरला बुबुळ बघायला लावायची आणि तो बरं आहे म्हणाला की खोटं बोलताय म्हणायची. इंदुबाईने निरोप पाठवला की मोठ्या मूर्तींना दुसरं माणूस बघतेय. तो ऐकून तिने जेवण टाकलं.

हाताच्या रेषा दिसल्या त्या सकाळी ती न जेवता कारखान्यात गेली. मुकुटाच्या रांगेत बसली नाही. एक मोठी मूर्ती स्वतः ओढून पुढ्यात घेतली. सरूने साडीचं जुनं फडकं घेतलं होतं, धुतलेलं. ब्रश पुसला की टोकावरची लव सुईने काढायची. त्यामुळे कामाचा वेग निम्म्यावर आला होता. पांढरं झालं, बुबुळ झालं. पापणीच्या रेघेला ब्रश टेकवण्याआधी तिने एकदा लांब बघितलं, एकदा जवळ.

कमळाकरची त्या दिवशी सुट्टी होती. तो दारात उभा राहून मान पुढे काढून बघत होता.

“दिसतंय का गो?” त्याने विचारलं.

“तुमी बाजूला व्हा,” सरू म्हणाली. “उजेड अडवताय.”