सोप्या पातळीवरचे डाव

माझे वडील, आमचे अण्णा, औशात एकटे राहायचे आणि रोज सकाळी एका मशीनला बुद्धिबळात हरवायचे. मशीन म्हणजे तळहाताएवढं सर्किट आणि जुना मॉनिटर. तरुणपणी त्यांनी हैदराबादहून आणलेला बुद्धिबळाचा कॉम्प्युटर केव्हाच बंद पडला होता. त्याची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर मी त्या सर्किटवर चढवून दिलं. मी लातूरला पॉलिटेक्निकात शिकवते. असले उद्योग हाच माझा शौक.

आई गेल्यावर अण्णांना म्हटलं, माझ्याकडं चला. तर म्हणाले, "लेकीच्या घरचं बसून खाऊ व्हय? लोक तोंडात शेण घालतील." मग दर रविवारी मी बस धरून औशाला. स्वयंपाक, औषधं, धुणं, वर भांडण. तीन वर्षं. वैताग यायचा, लई यायचा, खोटं कशाला बोलू.

मधेच त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. हात सावरला, पण मनातून खचले, मशीनपुढं बसेनात. तेव्हा मी गुपचूप मशीनची पातळी सगळ्यात सोपी करून ठेवली. अण्णा जिंकायला लागले. "डोकं शाबूत हाय बघ," फोनवर ऐकवायचे, आणि पुढं हमखास, "मग कशाला येऊ तुझ्याकडं?" माझ्या हातानं मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

गेल्या उन्हाळ्यात त्या सॉफ्टवेअरचं नवं अपडेट आलं. मी हौसेनं एका रविवारी टाकायला घेतलं. तासभर 'बंद करू नका' एवढंच पडद्यावर, आणि लाईट जाऊ नये म्हणून मी देव पाण्यात घालून बसलेली. संपलं तसं शेवटची बस चुकेल म्हणून पळाले. अपडेटनं जुन्या सेटिंग पुसल्या होत्या आणि मशीन मूळच्या पातळीवर गेलं होतं. मी तपासलंच नाही.

बुधवारी अण्णांचा फोन. "चार डाव हरलो," आवाज अगदी बारीक. माझ्या तिथंच लक्षात आलं. पण काय सांगणार? खरं सांगावं तर इतक्या दिवसांचं सगळं जिंकणं खोटं, लेकीनं दया करून दिलेलं. गप्प बसावं तर डोकं गेलं असं धरून बसणार. रविवारी जाऊन हळूच पातळी खाली करू, असं ठरवून मी फोन ठेवला.

रविवारी गेले तर मॉनिटरवर टॉवेल टाकलेला आणि दारात भरलेली पिशवी. "चल माय," अण्णा म्हणाले. "एकट्यानं राहायचं डोकं आता राहिलं न्हाई. गॅस चालू ठेवून मरीन एखाद्या दिवशी."

तीन वर्षं जे मागत होते ते समोर होतं. तोंड उघडलं असतं तर पिशवी परत आत गेली असती आणि मी परत रविवारच्या बसमध्ये. मी पिशवी उचलली.

आता ते माझ्याकडं तिसऱ्या मजल्यावर असतात. घर सापडायचं नाही म्हणून खाली उतरत नाहीत. शेंगा सोलतानाही विचारतात, "बरोबर करायलो ना मी?" मशीन आणलंय, पातळी सोपी करून ठेवलीय, पण हात लावत नाहीत. रोज सकाळी ठरवते, आज सांगायचं. जितके दिवस जातात तितकी जीभ जड होते. घर माझं, किल्ली माझी, आणि कोंडल्यासारखं मलाच होतंय. स्वतःची लाज वाटते.

परवा औशाहून त्यांचा जुना मित्र भेटायला आला. मी आत चहा ठेवत होते. बाहेर अण्णा त्याला सांगत होते, "माणसं तोंडावर बरं बोलतात गड्या, पर मशीन खोटं बोलत न्हाई. त्याच्यामुळं येळेवर कळलं मला." मग म्हणाले, "लेक लई गुणाची हाय माझी. एक शब्द न बोलता घेऊन आली."