बटणावरचं बोट

वयाच्या बासष्टाव्या वर्षी गुणाजी परब करी रोडच्या एका टॉवरमध्ये पार्किंगच्या यंत्रावर बसत. गाडी यंत्राच्या लोखंडी पाळण्यावर उभी राहिली की बटण दाबून ती वर पाठवायची, एवढंच काम. पण बटणाआधी ते पोटातून हाळी देत, "आत कोण हाय काय?" आणि मनात दहा मोजत. तरुणपणी गिरणीत जॉबरने, म्हणजे खात्याच्या मुकादमाने, लावलेली ही शिस्त. गिरणी गेली, हाळी राहिली.

दिवाळीनंतर यंत्राला कॅमेरे बसले. आत माणूस आहे की नाही, हे संगणकच ठरवू लागला. हिरवा दिवा लागला की गुणाजींनी बटण दाबून मंजुरी द्यायची. त्यातच रहिवाशांनी ओरडण्याची तक्रार केली. टॉवरच्या मॅनेजरने मोबाइलवर कळवलं, "हाळी बंद. सिस्टिम बघते." चार दिवस गुणाजींचा घसा खाजला, मग सवय झाली.

एका मंगळवारी एका रहिवाशाचे ड्रायव्हर बुधाजी पाळण्यावरच गाडीमागे पडलेला चष्मा उचलायला वाकले. दिवा हिरवाच लागला. गुणाजींनी बटण दाबलं आणि बुधाजींच्या उजव्या पायाचा पंजा चिरडला.

कॅमेरे बसवणाऱ्या कंपनीच्या वकिलांनी पोलिसांना लगेच लिहून दिलं, की संगणक फक्त सल्ला देतो, निर्णय बटण दाबणाऱ्याचा. म्हणजे गुन्हा एकट्या गुणाजींचा. घरी गंगूबाईंनी नवऱ्याला बजावलं, "यंत्रान सांगल्यान, तुमी केल्यात. तुमचो कसलो गुन्हो? तसाच सांगा." मुलगी सीमा ऑफिसातून रजा घेऊन सोबत आली. वाटेत तिने तेच तीनदा घोकून घेतलं.

चौकीत फौजदार मेघना मॅडमनी जबाब घ्यायला सुरुवात केली. गुणाजींनी हाळीपासून सगळं सांगितलं, मोबाइलवरचा निरोप दाखवला. मग म्हणाले, "आणि लिहा, बोट माझंच होतं. मान वळवून बघितलं असतं तर बुधाजी दिसला असता. बघितलं नाही."

सीमाने कपाळावर हात मारला. "बाबा, मशीनचं नाव घ्या ना हो."

"काका, शेवटचं वाक्य ठेवलं तर तुम्हीही आरोपी व्हाल," मॅडम हळूच म्हणाल्या. "नीट विचार करा."

 गुणाजींनी मास्तरांसमोर बसलेल्या मुलासारखे दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"मॅडम, सगळं मशीनवर टाकलं तर तुम्ही मशीनला कोठडीत घालणार काय? मग बुधाजीचा पाय कोणीच मोडला नाही, असं होईल. माझा वाटा मी घेतो. हाळी बंद करणाऱ्याचा त्याला द्या. आंधळा कॅमेरा विकणाऱ्याचा त्याला."

मेघना मॅडमनी वाक्य ठेवलं. त्याखाली मॅनेजरचं नाव लिहिलं, कंपनीचं लिहिलं, आणि निरोपाचा फोटो काढून घेतला. कोणाचा वाटा किती, ते भोईवाड्याचं कोर्ट बघेल, असं त्या म्हणाल्या.

गुणाजींनी कागद पुढे ओढला, चष्मा लावून पहिल्या ओळीपासून सगळा वाचला आणि सावकाश, पूर्ण नावाची सही केली.  सीमाने ऑफिसात फोन करून उद्याचीही रजा टाकली. वकील शोधायचा होता.